मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर १२,५४० किमी, मग तिकिटावर साडेसोळा तास कसे काय?

शेवंती | १४ ऑक्टोबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी, एक शंका आहे, शंका कसली काळजीच आहे म्हणा. माझी आई (वय ६८) पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच परदेशात चाललीये आणि तीही एकटी. धाकटी बहीण न्यू जर्सीत एडिसनला असते, तिची डिलिव्हरी नोव्हेंबरच्या शेवटी आहे. मधे विमान बदलायचं म्हणजे कुठल्यातरी अनोळखी विमानतळावर गेट शोधत फिरायचं, इंग्रजीचं टेन्शन वेगळंच, म्हणून मुंबई ते जेएफके (न्यूयॉर्कचा विमानतळ) डायरेक्टच घेतलंय. पण आईचे गुडघे दुखतात, एका जागी फार वेळ बसवत नाही, त्यामुळे "किती तास गं नक्की?" हे ती रोज विचारते. मी नेटवर अंतर बघितलं, १२,५४० किमी आणि वेळ जवळजवळ १४ तास, आणि तिला १४ सांगून मोकळी झाले. मग तिकीट नीट वाचलं. ६ नोव्हेंबर, सुटणार रात्री १.२५, पोचणार सकाळी ७.२५, एकूण १६ तास ३० मिनिटं. परतीचं २३ एप्रिलचं, तिथून सकाळी ११.१५ ला निघून इथे दुसऱ्या दिवशी सकाळी ११.१५ लाच, एकूण १४ तास ३० मिनिटं. आता अंतर तेच, गावं तीच, मग जाताना येताना दोन तासांचा फरक कसा आणि नेटवरचे १४ तास गेले कुठे? आईला खरा आकडा सांगायचाय, तिला मनाची तयारी करायला बरं पडतं. कोणाला नीट माहीत असेल तर सांगा प्लीज.

रंकाळा | १४ ऑक्टोबर, रात्री ११.०२

मला पण हा प्रश्न कायम पडतो. आणि मला तर उलट वाटतं ओ ताई, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना, मग विमान वर गेलं की खाली न्यूयॉर्क आपणहून आपल्याकडे सरकत यायला पाहिजे, म्हणजे जाताना कमी वेळ लागायला पाहिजे. उलटं का होतं? जाणकारांनी सांगावं, मी पण वाचतोय.

एडिसनकर | १५ ऑक्टोबर, पहाटे ५.१५

शेवंतीताई, तास नंतर, आधी तारीख बघा. ६ नोव्हेंबर रात्री १.२५ म्हणजे तुम्हाला ५ तारखेला, बुधवारी, रात्री जेवून घरातून निघायचंय. बारा वाजता तारीख बदलते. हे मी मुद्दाम सगळ्यात आधी लिहितोय कारण माझ्या मावसभावाचं असंच झालं होतं, तिकिटावर गुरुवार बघितला आणि गुरुवारी रात्री बॅगा घेऊन सहारला गेला, विमान आदल्या रात्रीच गेलेलं. नवीन तिकिटाचे पैसे तर गेलेच, पण इकडे त्याची मुलं विमानतळावर येऊन थांबलेली, ती रडवेली होऊन परत गेली. कॅलेंडरवर ५ तारखेवर लाल पेनाने लिहून ठेवा.

दुसरं, तासांची वजाबाकी स्वतः करून बघा म्हणजे तिकिटावर विश्वास बसेल. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इकडची घड्याळं एक तास मागे जातात. त्याआधी भारत साडेनऊ तास पुढे असतो, त्यानंतर साडेदहा. आई २ तारखेनंतर येतायत, म्हणजे साडेदहा धरायचे. घड्याळात १.२५ ते ७.२५ हे सहा तास दिसतात, त्यात साडेदहा मिळवले की साडेसोळा. एप्रिलमध्ये परत साडेनऊ झालेले असणार (मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं). ११.१५ ते दुसऱ्या दिवशीचे ११.१५ म्हणजे चोवीस, त्यातून साडेनऊ वजा, साडेचौदा. तेव्हा तिकीट बरोबर आहे, शंका नको.

बाकी वारा वगैरे जाणकार सांगतीलच, मला ऑफिसचं आवरायचंय.

सुकाणू | १५ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

मी मर्चंट नेव्हीत होतो, ३१ वर्षं. विमानातला नाही, पण अंतराचं गणित समुद्रावर आणि आकाशात एकच, म्हणून लिहितो.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर काढा, नसेल तर मुलाबाळांच्या शाळेच्या सामानात नक्की सापडेल. एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. ढिला ठेवू नका, ताणला की तो आपोआप सगळ्यात जवळच्या वाटेवर जाऊन बसतो. आता दोऱ्याखाली काय काय येतंय ते वाचा. भिंतीवरच्या नकाशात मुंबईहून न्यूयॉर्कला रेघ मारली तर ती अरबस्तान, आफ्रिकेचा वरचा भाग आणि मग अटलांटिक अशी जाते. गोलावरचा दोरा तसा जात नाही. तो बलुचिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, जवळपास मॉस्कोवरून, सेंट पीटर्सबर्गच्या अंगाने, नॉर्वेत ट्रॉन्डहाइमपाशी, आइसलंड, ग्रीनलंडचं खालचं टोक, मग कॅनडातलं लॅब्राडोर आणि क्वेबेक असा उतरतो. पार ६४-६५ अंश उत्तरेपर्यंत चढून खाली येतो. ध्रुववृत्त साडेसहासष्टला आहे, म्हणजे त्याच्या अगदी उंबऱ्यापर्यंत. ह्याला बृहद्वृत्त म्हणतात, आम्ही जहाजावर ग्रेट सर्कलच म्हणायचो.

नेटवरचे १२,५४० हे ह्या ताणलेल्या दोऱ्याचे किलोमीटर आहेत. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरायची आणि सूत्रात घालायचं, झालं. भिंतीवरच्या नकाशातली सरळ रेघ, म्हणजे होकायंत्राची दिशा न बदलता गेलात तर, साधारण १४,२०० किमी भरते. सरळ दिसणारी वाट १,७०० किमीने लांब, ही गोष्ट मला कॅडेट असताना पहिल्यांदा चार्टवर आखून बघितली तेव्हा खरीच वाटेना, दोनदा मोजली होती.

आणखी एक, काही ठिकाणी ह्याच अंतराला ६,७७० मैल दिसेल आणि काही ठिकाणी ७,७९०. दोन्ही बरोबर. पहिले सागरी मैल (१.८५२ किमीचा एक), दुसरे रस्त्यावरचे मैल (१.६०९ किमीचा एक). वैमानिक आणि आम्ही दर्यावर्दी सागरी मैलच वापरतो.

पण लक्षात ठेवा, हे दोन बिंदूंमधलं अंतर झालं. विमान ह्याच दोऱ्यावरून जाईल असं कोणी सांगितलेलं नाही.

शेवंती | १५ ऑक्टोबर, रात्री ९.५०

सुकाणूकाका, तुमचा प्रतिसाद वाचून आज संध्याकाळी घरात दोऱ्याचाच कार्यक्रम झाला. लेकाचा चौथीतला गोल माळ्यावरून काढला, आईने तिच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा दिला, मुंबईच्या टोकावर तिने स्वतः बोट ठेवलं आणि न्यूयॉर्कवर लेकाने. ताणल्यावर दोरा सुर्रकन वर सरकला आणि रशियावर जाऊन बसला ना, आई म्हणाली "अगंबाई, मी रशियावरून जाणार?" मग तिने चष्मा लावून एकेक देशाचं नाव वाचलं, लेक तिला ग्रीनलंड पांढरं का दाखवतात ते सांगत होता. इतके दिवस ती प्रवासाचं नाव काढलं की गप्प व्हायची, आज पहिल्यांदाच स्वतःहून बोलली. खूप खूप आभार.

पण मग शेवटचं वाक्य? दोऱ्यावरून जाणार नाही तर कुठून जाणार? आणि वाऱ्याचं कोणीतरी सांगा ना.

वातकुक्कुट | १५ ऑक्टोबर, रात्री ११.२०

वाऱ्याचं मी सांगतो. हवामान शिकलोय आणि काही वर्षं फ्लाईट प्लॅनिंगच्या जवळच्या कामात होतो.

आधी रंकाळा यांचा प्रश्न, कारण तो फार लोकांच्या मनात असतो. पृथ्वी फिरते तेव्हा भोवतालची हवा घेऊनच फिरते. तुम्ही चालत्या एसटीत उडी मारली तर मागच्या सीटवर जाऊन पडत नाही, तसंच. त्यामुळे न्यूयॉर्क खालून सरकत येत नाही. पण फिरण्याचा संबंध दुसऱ्या वाटेने येतो. विषुववृत्ताकडची हवा तापलेली आणि ध्रुवाकडची गार, त्यामुळे वरच्या थरात हवा ध्रुवाकडे ढकलली जाते, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती वळून पूर्वेकडे वाहायला लागते. जिथे गरम आणि गार हवा अगदी शेजारी येते तिथे हा वारा अरुंद पट्ट्यात प्रचंड जोरात वाहतो. हाच जेट स्ट्रीम. उंची साधारण ९ ते १२ किमी, म्हणजे नेमकी विमानं जिथून जातात तीच. हिवाळ्यात ध्रुवाकडे कडाक्याची थंडी, गारगरमातला फरक वाढतो म्हणून वाराही वाढतो, १५०-२०० किमी ताशी सहज असतो आणि कधीकधी ३०० च्याही वर जातो.

आता विमान हवेत पोहतंय असं समजा. त्याचा वेग हवेच्या मानाने ताशी ९०० च्या आसपास, तो फारसा बदलत नाही. पण हवाच जर १०० ने समोरून येत असेल तर जमिनीच्या मानाने ८००, आणि पाठीवर असेल तर १,०००. समजायला सोपं म्हणून १२,००० किमीचा रस्ता धरा. जाताना १५ तास, येताना १२. तीन तासांचा फरक नुसत्या वाऱ्याने पडला. आणि गंमत बघा, वाराच नसता तर दोन्ही वेळा १३ तास २० मिनिटं, म्हणजे येऊन जाऊन २६ तास ४०. वारा असताना २७. जाताना जेवढं नुकसान होतं तेवढं येताना भरून निघत नाही कारण समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकून असता.

पाठीवरचा वारा काय करू शकतो ह्याचं उदाहरण, फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी त्याला साडेसहा-सात तास लागतात. जमिनीवरचा वेग १,३२७ किमी ताशी नोंदला गेला. आवाजाची भिंत मोडली नाही, म्हणजे हवेच्या मानाने ते आवाजापेक्षा जोरात गेलं नाही, कारण ज्या हवेतून ते जात होतं ती हवाच पुढे पळत होती.

म्हणून रोजचा रस्ता रोज ठरतो. प्लॅनिंगवाले त्या दिवशीचा वाऱ्याचा अंदाज घेतात आणि जाताना जेट स्ट्रीमला वळसा घालून, येताना त्यावर बसून असा मार्ग काढतात. उत्तर अटलांटिकवर तर दिवसातून दोनदा नवे ट्रॅक आखले जातात, पश्चिमेला जाणाऱ्यांचे वेगळे, पूर्वेला येणाऱ्यांचे वेगळे. कागदावर ३०० किमी लांबचा रस्ता घड्याळात २० मिनिटं लवकर पोचवतो असं मी स्वतः कितीदा बघितलंय.

रंकाळा | १५ ऑक्टोबर, रात्री ११.४१

एसटीचं उदाहरण डोक्यात फिट्ट बसलं. धन्यवाद सर. माझा इतक्या वर्षांचा गैरसमज गेला.

वर्धाकाठ | १६ ऑक्टोबर, दुपारी १.१०

वाऱ्यासोबत एक दुसरी गोष्ट आहे जी कोणी लिहिली नाही, बंद आकाश. सुकाणू सरांनी जो दोरा सांगितला तो बलुचिस्तानवरून जाते, आणि भारतीय कंपन्यांच्या विमानांना पाकिस्तानचं आकाश २४ एप्रिल २०२५ पासून बंद आहे. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद होतं. आणि फेब्रुवारी-मार्च २०२२ पासून अमेरिकन कंपन्या रशियावरून जाऊ शकत नाहीत, त्यामुळे युनायटेडने तेव्हा न्यू जर्सीतल्या नेवार्कहून मुंबईची फ्लाईटच थांबवली. म्हणजे आकाश एकच पण कोणाच्या शेपटीवर कोणता झेंडा आहे त्यावर रस्ता ठरतो.

मुंबईवाल्यांना त्यातल्या त्यात बरं आहे कारण समोर समुद्र आहे. अरबी समुद्रावरून आखाताकडे, मग तुर्की, युरोप आणि पुढे अटलांटिक. खरा त्रास दिल्लीवाल्यांना, त्यांना आधी खाली गुजरातकडे येऊन मग पश्चिमेला वळावं लागते. मी ह्या जूनमध्ये दिल्लीहून गेलो होतो. मुलाकडे शिकागोच्या बाजूला. तिकीट नॉनस्टॉपचं, पण मधे युरोपात इंधनासाठी उतरवलं. विमानातून बाहेर काढत नाहीत, तसंच बसून रहायचं. एक तास म्हणता म्हणता अडीच तास गेले, एसी कमी, बाजूला एक आजोबा होते ते सारखे विचारत होते आलं का शिकागो. मला राग त्या थांबण्याचा नाही आला, कारण कळत होतं की रस्ता लांबला तर इंधन लागणारच, पण तिकीट घेताना कोणी एका शब्दाने सांगितलं असतं तर बायकोची औषधं मी केबिन बॅगमध्ये ठेवली असती. ती चेक-इनमध्ये गेली होती. तिला रात्रीची गोळी चार तास उशिरा मिळाली. तर शेवंतीताई, आईची सगळी औषधं, चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत. हे विसरू नका.

त्याच जूनमध्ये इराण-इस्राईल भडकलं तेव्हा इराण आणि इराकचं आकाशही बंद झालं होतं, किती विमानं अर्ध्या रस्त्यातून परत फिरली. तेव्हा आठवड्याआधी जो टाइम दिसते तो दगडावरची रेघ समजू नका.

वातकुक्कुट | १६ ऑक्टोबर, दुपारी ३.३५

+१, वर्धाकाठ यांचा मुद्दा अगदी महत्त्वाचा. त्याला जोडून इंधनाचं सांगतो म्हणजे "थोडा लांबचा रस्ता, त्यात काय" असं वाटणार नाही. बोइंग ७७७-३००ईआर ह्या मोठ्या विमानाचं उड्डाणाचं जास्तीत जास्त वजन सुमारे ३५१ टन, आणि टाक्या काठोकाठ भरल्या तर त्यातलं जवळजवळ १४५ टन नुसतं इंधन. म्हणजे लांबच्या प्रवासाला निघालेलं विमान चाळीस टक्के इंधनच असतं. तासाला सात-आठ टन जळतं. एक तास वळसा वाढला की तेवढं जास्त न्यायचं, ते जास्तीचं वजन उचलून न्यायलाही इंधन जळतं, आणि वजनाची मर्यादा गाठली की मग एकतर सीट रिकाम्या ठेवा, सामान कमी घ्या, नाहीतर मधे उतरा. हाच तो थांबा.

तुमच्या आईला समोरच्या स्क्रीनवर एक गोष्ट दिसेल. निघाल्यावर विमान ३१,००० फुटांच्या आसपास राहील, मग चार-पाच तासांनी थोडं वर, आणखी काही तासांनी आणखी वर, शेवटी ३८,००० वगैरे. इंधन जळून हलकं झालं की विरळ हवेत चढता येतं आणि तिथे खर्च कमी. त्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर झोपेत इंजिनचा आवाज बदलला की माणूस दचकतं.

जुनी_वही | १६ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.०५

वाचून जुने दिवस आठवले. माझे वडील सांताक्रूझला विमानतळाजवळच नोकरीला होते, त्यामुळे ह्या तारखा घरात पाठ असायच्या. ८ जून १९४८ ला मुंबईहून लंडनला एअर इंडियाचं पहिलं विमान गेलं, मलबार प्रिन्सेस, लॉकहीड कॉन्स्टेलेशन, पंख्याचं. कैरो आणि जिनिव्हा करत. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात लंडनमार्गे न्यूयॉर्क सुरू झालं. एअर इंडियाला मुंबई-न्यूयॉर्क न थांबता जायला २००७ उजाडलं. वडील तेव्हा ८१ वर्षांचे होते, पेपरमधली बातमी त्यांनी मला दोनदा वाचायला लावली. कैरोला उतरायचं नाही, लंडनला उतरायचं नाही, ह्यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. शेवंती, तुझी आई एका झोपेत जे अंतर जाणार आहे ते माझ्या वडिलांच्या पिढीने तुकड्या-तुकड्याने जिंकलेलं आहे गं. तिला माझा नमस्कार सांग.

शेवंती | १६ ऑक्टोबर, रात्री १०.१५

तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने "त्यांना माझाही नमस्कार कळव" सांगितलंय.

आता शेवटची शंका. सिंगापूर-न्यूयॉर्क म्हणे जगातली सगळ्यात लांबची फ्लाईट, १५,३४९ किमी आणि १८ तास ४० मिनिटं वगैरे. म्हणजे अंतर आपल्यापेक्षा २,८०० ने जास्त आणि वेळ फक्त दोन-सव्वादोन तास जास्त. हिशोब जुळत नाही ना?

वातकुक्कुट | १६ ऑक्टोबर, रात्री १०.५०

जुळतो, कारण ते बहुतेक वेळा पॅसिफिकवरून पूर्वेकडे जातं, वारा पाठीवर. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. रस्ता १३,९०० वरून १५,३०० किमी झाला, १,४०० ने वाढला, तरी साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा लवकर. जास्त अंतर, कमी वेळ. मला स्वतःला ह्या विषयाची गोडी लागली ती ह्या एका उदाहरणामुळे.

एडिसनकर | १७ ऑक्टोबर, पहाटे ४.५०

एक राहिलं. तिकिटावरचा वेळ हा गेट ते गेट असतो, उड्डाण ते उतरणं नाही. मुंबईत गेटवरून मागे सरकल्यापासून धावपट्टीवर नंबर लागेपर्यंत अर्धा तास धरा, जेएफकेला उतरल्यावर गेट मिळेपर्यंत तेवढाच. त्यावर कंपन्या थोडी मिनिटं राखीव धरतात. नेटवरच्या १४ तासांत ह्यातलं काहीच नसतं, ते नुसतं अंतर भागिले वेग.

आईंसाठी : व्हीलचेअर आताच फोन करून सांगून ठेवा, चालता येत असलं तरी घ्या, इमिग्रेशनच्या रांगेत दीड-दोन तास उभं राहणं गुडघ्यांना नको. सीट पॅसेजजवळची, म्हणजे कोणाला न उठवता उठता येतं. दर दोन तासांनी मागच्या किचनपर्यंत एक फेरी, बसल्या बसल्या पावलं वरखाली, आणि पाणी. बाथरूमला जावं लागू नये म्हणून आपल्या आया पाणीच पीत नाहीत, हे मी माझ्या आईवरून सांगतो, तसं करू देऊ नका. गोळ्यांच्या वेळांचं डॉक्टरांना विचारा. आमच्या डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं की घड्याळ उतरेपर्यंत भारताचंच ठेवा आणि त्यावरच गोळ्या घ्या, पण प्रत्येकाचं वेगळं. आणि हो, बाळंतिणीसाठी लाडू आणत असतील तर विचारल्यावर सरळ सांगायचं खाण्याचं आहे म्हणून, लपवायचं नाही.

बहिणीला सांगा जेएफकेहून एडिसनला सकाळच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास लागू शकतात, नेवार्क जवळ पडलं असतं पण आता असू दे.

सुकाणू | १७ ऑक्टोबर, सकाळी ८.००

शेवंती, आईंना एक छोटी वही आणि पेन दे. समोरच्या पडद्यावर वेळ, उंची, वेग, खाली कुठला देश हे सगळं येत असतं. जहाजावर आम्ही दर वॉचला, म्हणजे पाळीला, लॉग (नोंदी) लिहायचो. तासातासाला एक ओळ लिहिली की वेळ अंगावर येत नाही, आणि लिहायला म्हणून तरी माणूस जागचं उठतं.

शेवंती | ८ नोव्हेंबर, रात्री ९.२०

मंडळी, आई पोचली!! दोन दिवस झाले, काल तिची झोप थोडी जुळली, आज व्हिडिओ कॉलवर तिने वही दाखवली. सुकाणूकाका, तिने खरंच लॉग लिहिलाय, पंधरा ओळी आहेत. कॅमेऱ्यासमोर धरून तिने वाचून दाखवला आणि मी इकडे कागदावर उतरवून घेतला.

गेटवरून मागे सरकलं १.४८ ला. उड्डाण २.२१ ला. जेएफकेला चाकं टेकली ७.०९ ला (तिथल्या वेळेने) आणि गेटला लागलं ७.३६ ला. स्क्रीनवर शेवटी एकूण कापलेलं अंतर १३,१४० किमी आलं. आता मी तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद समोर ठेवून हिशोब केलाय, चुकला असेल तर सांगा.

दोऱ्याचे १२,५४० किमी ९०० च्या वेगाने म्हणजे १३ तास ५६ मिनिटं, हेच नेटवरचे १४. खरा रस्ता ६०० किमीने जास्त, त्याची ४० मिनिटं, इथपर्यंत १४.३६. हवेत प्रत्यक्ष होती १५ तास १८ मिनिटं, म्हणजे समोरचा वारा आणि चढण्या-उतरण्यातला कमी वेग मिळून ४२ मिनिटं. मुंबईत जमिनीवर ३३, तिकडे २७, झाला एक तास, एकूण १६.१८. आणि तिकिटावर होते १६.३०, म्हणजे कंपनीने राखीव धरलेली १२ मिनिटं वाचली, पण निघतानाच २३ मिनिटं उशीर झाला होता म्हणून पोचायला ११ मिनिटं उशीर. एकेक मिनिट कुठे गेलं ते सापडलं!

वहीतल्या तीन ओळी इथे लिहिते, आईला विचारून. "४.५०, खाली आखात. बोटींचे दिवे दिसतात. ३१,००० फूट. गुडघा ठीक." "९.४०, युरोप. वेग ८३० च दाखवतोय, वातकुक्कुट म्हणाले तसा वारा समोर आहे. दोन फेऱ्या मारल्या." "१.१५ दुपार भारतात, बाहेर काळोख संपतच नाही, आपण रात्रीबरोबर पळतोय. वजा ५८ डिग्री. गोळी घेतली."

रंकाळा | ८ नोव्हेंबर, रात्री ९.३४

रात्रीबरोबर पळतोय, वा! आईंना सांगा कोल्हापुरातून एकाने तीन वेळा वाचलं.

वातकुक्कुट | ८ नोव्हेंबर, रात्री १०.०५

हिशोब अगदी बरोबर आहे, शिकाऊ पोरांना दाखवावा असा. आणि आईंनी जे लिहिलंय ते खरंच आहे, नोव्हेंबरात तेवढ्या उत्तरेला पश्चिमेकडे जाताना सूर्य मागून हळूहळूच गाठतो, म्हणून रात्र इतकी लांब. एप्रिलमध्ये उलट होईल, सूर्याच्या दिशेने जाणार, सकाळी निघून संध्याकाळ लवकर होणार आणि रात्र छोटीशी. तेव्हाचा लॉगही इथे नक्की द्या, वेगाचा आकडा खास बघायला सांगा, जेट स्ट्रीम सापडला तर १,००० च्या वर दिसेल.

शेवंती | ८ नोव्हेंबर, रात्री १०.१८

सांगते. तिने वहीचं मागचं पान आत्ताच आखून ठेवलंय, वर लिहिलंय "परत, २३ एप्रिल", आणि वेगाचा रकाना वेगळा काढलाय.